आजोबांचं जुनं क्लॅरोनेट: दुरुस्त करायचं का, आणि त्याची खरी किंमत काय?

ऋता_सांगली
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.
सांगलीचं आमचं जुनं घर आवरायला काढलंय. माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात आजोबांच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं त्यांचं क्लॅरोनेट. आजोबा आधी लग्नाच्या बँडमध्ये होते, नंतर बँड सोडला आणि फक्त घरी वाजवायचे. मी लहान असतानाच ते गेले, त्यामुळे मला ऐकल्याचं काहीच आठवत नाही, आत्याला आठवतं.
तुकडे पाच आहेत, तोंडात धरायचा, त्याखालचा छोटा, मग दोन लांब आणि शेवटचा भोंगा. लाकूड काळं, पण जिथे बोटं लागायची तिथे तपकिरी झालंय. चाव्या १३. वरच्या जॉइंटवर चीर आहे, माझ्या बोटाच्या एका पेराएवढी. चाव्यांखालच्या गाद्या उंदरांनी की किड्यांनी खाल्ल्यात माहीत नाही, हात लावला की भुगा पडतो. लाकडावर छाप आहे, बूझी अँड कंपनी, २९५ रीजेंट स्ट्रीट, लंडन, आणि त्याच्याखाली एच.पी. अशी दोन अक्षरं.
गावातल्या एका दुकानदाराने बघून दीड हजार देतो म्हणाला. फोटो बघून दुसऱ्या एकाने फोनवर सांगितलं की चाव्या चांदीच्या आणि लाकूड आबनूस, दोन लाखाच्या खाली देऊ नका. आता दीड हजार कुठे आणि दोन लाख कुठे. विकायचं की नाही ते घरात ठरलेलं नाही, पण निदान खरं काय ते कळावं आणि दुरुस्त होत असेल तर करावं असं मनापासून वाटतंय. जाणकारांनी सांगा.

लाख_आणि_कॉर्क
ऋताताई, मी पुण्यात फुंकवाद्यांची दुरुस्ती करतो, २० वर्षं झाली. आधी काय करायचं नाही ते सांगतो कारण जुनी वाद्यं ट्रंकेत कमी आणि ट्रंकेतून बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जास्त मरतात.
फुंकू नका. कितीही मोह झाला तरी. इतकी वर्षं पत्र्याखाली सुकलेलं लाकूड आहे, तुम्ही फुंकलंत की आतून गरम ओली हवा जाते, आतलं लाकूड फुगायला लागतं आणि बाहेरचं कोरडंच राहतं, मग ती पेराएवढी चीर बघता बघता वीतभर होते. तेल लावू नका, जवसाचं तर अजिबात नको, ते वाळून आत चिकट थर धरतं. चाव्यांना पॉलिश नको. तोंडाचा तुकडा एबोनाइटचा असणार, हिरवट तपकिरी पडला असेल तर तो उजेडाने तसा होतो, गरम पाण्यात धुवायला जाऊ नका, आकारच बिघडतो. एखादा जॉइंट अडकला असेल तर पिळू नका.
फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि फोटो टाका. चीर कुठून कुठवर जातेय, एखाद्या भोकातून जाते का, तो फोटो जवळून पाहिजे.

जुनंपुराणं
किमतीचं मी सांगतो, ३० वर्षं जुन्या वस्तू घेतोय.
चाव्या चांदीच्या नाहीत. ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, त्यात चांदी औषधालाही नसते. लाकूड बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवुड, टांझानिया मोझांबिककडचं, आपल्या शिसवीचं चुलत भावंड, पण बोटांखाली तपकिरी झालंय म्हणताय तर कोकस सुद्धा असू शकेल, ते वेस्ट इंडीजकडून यायचं आणि इंग्लंडचे जुने कारागीर ते आवडीने वापरायचे. आबनूस म्हणून लोक दोन्ही खपवतात.
तुम्ही १३ चाव्या म्हणालात तेव्हाच कळलं की ही जुनी पद्धत, सिंपल सिस्टीम किंवा अल्बर्ट सिस्टीम म्हणतात, ब्रुसेल्सच्या अल्बर्ट नावाच्या कारागिरावरून. आज जगभर शिकवतात ती बोएम पद्धत, तिच्यात चाव्या १७ आणि बोटांच्या भोकांभोवती धातूच्या रिंगा ६. त्यामुळे आजचा विद्यार्थी हे घेत नाही, आणि विद्यार्थी घेत नाही म्हणून भाव चढत नाही. दोन लाख विसरा. जुनं आहे म्हणजे दुर्मीळ आहे असं नसतं, अशी वाद्यं ब्रिटिश फौजांसाठी हजारांनी बनली. दीड हजार मात्र लुबाडणूक आहे, नुसता तोंडाचा मूळ तुकडा शाबूत असेल तरी त्याहून जास्तीचा आहे.

टेम्सकाठी
मी लंडनला असतो, शाळेत असताना नाशिकच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो म्हणून हा धागा उघडला.
पत्त्यावरून काळ सांगता येतो. बूझी २९५ रीजेंट स्ट्रीटला १८७४ मध्ये आले. १९३० मध्ये बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्या एक झाल्या, त्यानंतरच्या वाद्यावर बूझी अँड हॉक्स असं जोडनाव येतं. तुमच्यावर एकट्या बूझीचं आहे म्हणजे १८७४ ते १९३० च्या मधलं. लाकडावर कुठे क्रमांक कोरलेला असेल तर तो द्या. या कंपनीचा जुना कागदपत्रांचा साठा आणि वाद्यसंग्रह इथे हॉर्निमन म्युझियमकडे आहे, २००४ पासून, त्यांना लिहून विचारता येतं.
आता एच.पी. हे जरा जड मनाने सांगतोय. एच.पी. म्हणजे हाय पिच. त्या काळी ब्रिटनमध्ये फौजेचे बँड आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत लावलेले असत, ए चा स्वर आज ४४० हर्ट्झला धरतात तो तेव्हा ४५२ च्या आसपास होता. फौजेने १९२० च्या दशकाच्या शेवटी ही चढी पट्टी सोडली आणि ही सगळी वाद्यं एका फटक्यात निरुपयोगी झाली, पियानोबरोबर नाही, ऑर्केस्ट्राबरोबर नाही. इथे लिलावात एच.पी. सिंपल सिस्टीम क्लॅरिनेट बऱ्याचदा शंभर पौंडांच्या आतच जातं. माप घेऊन खात्री करा, तोंडाचा तुकडा सोडून बॅरलपासून, म्हणजे त्याखालच्या छोट्या तुकड्यापासून, भोंग्याच्या कडेपर्यंत. आजचं नेहमीचं बी फ्लॅट क्लॅरिनेट साधारण ६० सेंटीमीटर भरतं, एच.पी. त्याहून दीडेक सेंटीमीटर आखूड असतं.

ऋता_सांगली
मोजलं. ५८ सेंटीमीटर आणि वर दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे एच.पी.च.
क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे दिसतात, आधीचे झिजलेत.
खरं सांगू, किमतीचं वाईट नाही वाटलं, पण आजोबा आयुष्यभर चुकीच्या पट्टीतलं वाद्य वाजवत होते का, म्हणजे बेसूर वाजवत होते का, हे मनात आलं आणि रात्रभर गेलं नाही. आत्या म्हणते बाबांचा सूर ऐकून रस्त्यावरची माणसं थांबायची. आणि एक गोष्ट तिने सांगितली, आमच्याकडे चांगली पेटी होती, पण आजोबा वाजवायला बसले की पेटीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा पेटीवाले पाहुणे आले तर आजोबा सरळ उठून गेले म्हणे. घरात सगळे समजायचे की त्यांचं पेटीवाल्यांशी वाकडं आहे.

मडगावकर
ऋताबाय, बेसूर हा शब्द मनातून काढून टाका.
माझे बाबा बँडवाले, आजोबाही बँडवाले. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलेखन वाचून गाणं, आणि वाद्य शिकवायचे, त्यातनंच आमची माणसं मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात आणि गावोगावच्या बँडांत गेली. माझ्या आजोबांच्या बँडात सगळी वाद्यं एच.पी. होती, क्लॅरोनेट, कॉर्नेट, युफोनियम सगळं. सगळा बँडच चढा असेल तर कोण बेसूर? कोणीच नाही. भानगड कधी व्हायची, जेव्हा एखादा नवीन घेतलेलं एल.पी., म्हणजे लो पिचचं वाद्य घेऊन यायचा. तेव्हा कान फाटायचे.
तुमच्या आजोबांनी बँड सोडला म्हणताय. मग ते कोणाबरोबर वाजवायचे ते विचारा. पेटी नाही म्हणजे मग काय? आत्याला विचारा.
आणि माझी एक दुखरी आठवण सांगतो, तुम्ही तरी जपा. बाबांचं क्लॅरोनेट मी एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं, त्याने चाव्या मशिनवर बफ करून आरशासारख्या केल्या, चिरेत एपॉक्सी भरलं, लाकूड काळ्या पॉलिशने रंगवलं. दिसायला नवं कोरं. बाबांच्या अंगठ्याखाली जी खळ पडली होती ती सुद्धा घासून सपाट केली. तो अंगठा मी परत कुठून आणू?

ऋता_सांगली
मडगावकर, वाचून पोटात कालवलं. नाही करणार तसं.
फोटो टाकलेत, आठ आहेत. चीर वरच्या टोकापासून निघून पहिल्या छोट्या भोकाच्या कडेला थांबते. ब्रशने धूळ काढली. बाकी भोकं साफ झाली पण डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या भोकात काळा मळ घट्ट बसलाय, सातव्या फोटोत दिसेल, वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखा. कोमट पाण्यात इअरबड बुडवून काढायचा विचार आहे, चालेल ना?

पाटीलबुवा_सनई
ताई थांबा. हात लावू नका त्याला. मळ नाही तो.
मी पंढरपूरकडचा, चार पिढ्या सनई आमच्या घरात. सातवा फोटो मोठा करून बघितला. ते मेण आहे. मधाच्या पोळ्याचं मेण, काजळी किंवा राळ मिसळलेलं. आम्ही सनईच्या भोकात असंच बसवतो, स्वर चढा लागत असेल तर भोकाच्या वरच्या कडेला मेण लावायचं, भोक जरा लहान होतं आणि जरा खाली सरकतं, स्वर उतरतो. मळ असता तर चारी बाजूंनी सारखा बसला असता, चंद्रकोर कशी झाली असती? ती नखाने दाबून केलेली आहे, नीट बघा, नखाची वळ्याकार खूण सुद्धा दिसेल.
एक विचारतो. आजोबा यमन वाजवायचे का हो?

ऋता_सांगली
पाटीलबुवा!!! आत्ता आत्याला फोन केला. मी फक्त एवढंच विचारलं की आजोबा काय वाजवायचे गं. ती म्हणाली, "दुसरं काय, रोज संध्याकाळी दिवे लागले की यमन. आई तंबोरा घेऊन बसायची."
अंगावर काटा आलाय. तुम्हाला कसं कळलं? आणि तंबोरा होता, मिरजेचा, तो काकांकडे आहे.

लाख_आणि_कॉर्क
पाटीलबुवांना दंडवत. मी फोटो बघितला होता आणि मला ते दिसलं नाही, हे इथे कबूल करतो, माझं सगळं लक्ष चिरेकडे होतं.
बुवांनी कसं ओळखलं ते मी माझ्या बाजूने मांडतो, चुकलं तर त्यांनी सांगावं. डाव्या हाताची तीन बोटं आणि मागचा अंगठा लावून खालच्या भागात जो स्वर येतो तो सा धरायचा. तिसरं बोट उचललं की रे. मधलं उचललं की ग. म्हणजे फक्त पहिलं बोट आणि अंगठा उरतो आणि हवा मधल्या बोटाच्या भोकातून बाहेर पडते. त्या भोकात मेण लावलं की ग उतरतो. आता तंबोऱ्याच्या सा शी जुळणारा शुद्ध गंधार हा पेटीच्या गंधारापेक्षा उतरा असतो, दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० धरलं तर जवळजवळ १४ ने. तंबोरा चांगला लागला की खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तोच तो. आजोबांना तो हवा होता.
आता खरी गंमत पुढे आहे. सनई किंवा बासरी जोरात फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटचं तसं नाही, अंगठ्याजवळची चावी दाबली की स्वर एक सप्तक ओलांडून आणखी पंचमावर जातो. मग ग च्या बोटांवर वर काय येणार? ग चा पंचम, म्हणजे नि. आणि शुद्ध निषाद सुद्धा पेटीच्या निषादापेक्षा उतराच लागतो, १२ ने. म्हणजे एका भोकात एक चंद्रकोर बसवली आणि खालचा गंधार आणि वरचा निषाद दोन्ही एकदम जागेवर आले. यमनचे वादी आणि संवादी, म्हणजे रागाचे दोन मुख्य स्वर. उरलेले ग आणि नि दुसऱ्या बोटांवर येतात, ते आजोबा ओठाने सांभाळत असणार.
विलायती वाद्याला एवढ्या मेणाने कुणीतरी आपल्या रागात आणून बसवलंय. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर असं वाद्य आलेलं नाही.

पाटीलबुवा_सनई
अगदी बरोबर मांडलंत. मी एवढं हिशोबाने नाही सांगू शकलो असतो, मला भोक बघून बोटं आठवली आणि बोटांवरून ग.
पेटीचं पण आता उलगडलं ना ताई? एच.पी. म्हणजे चढं. यांचा सा पेटीच्या काळी पाच आणि पांढरी सात या पट्ट्यांच्या बरोबर मधे कुठेतरी पडतो. पेटीवर ती पट्टीच नाही! पेटीवाला काळी पाच धरेल तर हे चढे, पांढरी सात धरेल तर हे उतरे. म्हणून ते पेटीपासून उठून जायचे. वाकडं माणसाशी नव्हतं. तंबोऱ्याला काय, खुंटी पिळली की तो कुठेही लागतो, तबला पण गजऱ्यावर ठोकून थोडा चढवता येतो.

ऋता_सांगली
हे आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली की आजोबा ज्यांच्यासमोरून उठून गेले ते पाहुणे तिचे सासरे होते, आणि तो राग दोन्ही घरांत वीस वर्षं धरला गेला.
ट्रंकेत अजून एक वस्तू होती, पितळेची चुनाळू, मला वाटलं आजोबा पान खायचे. आत्या म्हणाली त्यांनी आयुष्यात कधी पान खाल्लं नाही. उघडली. आत चुना नाही, काळ्या मेणाचा गोळा आहे, वाळून दगडासारखा झालेला.
लाखदादा, दुरुस्ती तुम्हीच करा. कसं पाठवू?

लाख_आणि_कॉर्क
कुरिअरने नको, स्वतः घेऊन या किंवा मी सांगलीला येतो. तोपर्यंत तुकडे सुटे करून सुती कापडात ठेवा, घट्ट बंद प्लास्टिकमध्ये नको. चुनाळू पण आणा.

जुनंपुराणं
मी आधी जे भाव सांगितले ते बाजाराचे म्हणून बरोबरच आहेत, त्यात बदल नाही. पण आता हे वाद्य त्या बाजारात बसत नाही असं माझं मत झालंय. लिलावात घेणारा माणूस ते मेण पहिल्या दिवशी कोरून काढेल आणि एच.पी. आहे म्हणून भिंतीवर टांगेल.
ज्यांना मोल ठरवायचं आहे त्यांनी वाद्याबरोबरची माहिती जपावी. आत्यांच्या आठवणी आत्ताच लिहून काढा, त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा, आजोबांचा वाद्यासकट फोटो असेल तर तो, ट्रंक, धोतराचा तुकडा, चुनाळू सगळं एकत्र राहू द्या. नुसतं क्लॅरोनेट म्हणजे एक जुनं विलायती लाकूड आहे.

ऋता_सांगली
दोन महिन्यांनी लिहितेय, सॉरी, मधे घरात लग्न होतं.
दरम्यान परदेशातून एका संग्राहकाचा मेसेज आला, धागा वाचून, रक्कम चांगलीच होती, दीड लाखाच्या जवळ. घरातल्या दोघातिघांना वाटतं देऊन टाकावं. काय करू?

टेम्सकाठी
आधी कायद्याचं बघा. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, ऐतिहासिक महत्त्वाची १०० वर्षांहून जुनी वस्तू सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं वाद्य शंभरीच्या अलीकडे की पलीकडे हे क्रमांक झिजल्यामुळे पक्कं सांगता येत नाही, मी इथे म्युझियमला लिहिलं होतं, अर्धवट क्रमांकावरून ते खात्रीने सांगू शकत नाहीत असं त्यांनी प्रेमाने कळवलं. म्हणजे पाठवायचं झालं तर पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला लागेल, आणि तो मिळेलच असं नाही. लाकडाचं म्हणाल तर ब्लॅकवुड २०१७ पासून साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, पण २०१९ नंतर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ती अडचण तेवढी नाही.
हा कायदा झाला. माझं मन विचाराल तर मी लंडनमध्ये बसून सांगतो, इथे अशी क्लॅरिनेट काचेच्या कपाटांत खूप आहेत. यमनात बसवलेलं मी तरी एकही पाहिलेलं नाही.

मडगावकर
देऊ नका. पैसे खर्च होतील.

लाख_आणि_कॉर्क
कामाचा हिशोब इथे देतो, पुढे कुणाला उपयोग होईल.
चीर: भोकाच्या आधीच थांबली होती हे नशीब. आधी तीन आठवडे वाद्य नुसतं ठेवलं, डब्यात ओलसर स्पंजची उघडी डबी, दर दोन दिवसांनी बघायचं. लाकडाने हवेतला ओलावा हळूहळू घेतला तशी चीर जवळजवळ आपोआप मिटली. मग पातळ सुपरग्लू आणि त्याच जातीच्या लाकडाचा बारीक भुसा भरून बंद केली. जॉइंटवर पॉलिश नाही, रंग नाही. जवळून बघितलं तर चीर दिसते, दिसू दे.
पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या गाद्या: १३ नवे, पातळ चामड्याचे, बसवले चपडा लाखेने. ती तापवली की परत सुटते, पुढच्या माणसाला माझं काम उलटवता यायला हवं. आताचे कारखानदारी ग्लू नाही वापरले.
स्प्रिंगा: ११ जुन्याच चालल्या. दोन गंजून तुटलेल्या, त्या निळ्या पोलादी सुईच्या केल्या.
सांधे: तिथे कॉर्क नव्हतंच, मेण लावलेला सुती दोरा गुंडाळलेला होता. तो तसाच ठेवला, वर चार वेढे नवीन दिले.
चाव्या: फक्त कोरड्या कापडाने पुसल्या. अंगठ्याखाली लाकूड झिजलंय ते मडगावकरांसाठी मुद्दाम मोजलं, जवळजवळ एक मिलिमीटर खोल. तसंच आहे.
चंद्रकोर: तिचं खालचं टोक सुटलं होतं. पाटीलबुवांना बोलावून घेतलं. चुनाळूतला गोळा त्यांनी दिव्यावर धरून मऊ केला, मोहरीएवढा घेतला आणि नखाने बसवला. जुन्याला धक्का लावला नाही.
मूळ तोंडाचा तुकडाच वापरलाय. आजचा बसवून बघितला तर आतला घेर वेगळा, वरचे स्वर एकीकडे आणि खालचे दुसरीकडे. अशा वाद्याचा तोंडाचा तुकडा हरवला तर निम्मं वाद्य गेलं समजा. लांब बॅरल लावून एच.पी. चं ४४० करून देतो म्हणणारेही भेटतील, तसं होत नाही, वरच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात आणि खालच्यांचे कमी, मग कुठलाच राग नीट लागत नाही.
सामान आणि मजुरी मिळून ६,५०० झाले. माझ्या चार दिवसांचे मी लावले नाहीत, ते मला शिकायला मिळालं.

पाटीलबुवा_सनई
मी एक गोष्ट बघून आलो ती सांगतो. या जुन्या पद्धतीत वरच्या जॉइंटवर बोटाखाली रिंगा नाहीत, नुसती भोकं, सनईसारखी. त्यामुळे बोट भोकावरून हळूच सरकवलं की मींड निघते, एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाता येतं, धातू आड येत नाही. आजच्या क्लॅरोनेटवर रिंगेचा अडथळा होतो. विद्यार्थी घेत नाहीत म्हणून भाव नाही असं वर लिहिलंय, पण आपलं गाणं वाजवायचं असेल तर मला हेच जास्त सोयीचं वाटलं.

ऋता_सांगली
काल वाद्य घरी आलं. पाटीलबुवा स्वतः घेऊन आले, लाखदादा पण आले. काकांनी तंबोरा आणला होता, नव्या तारा चढवून.
दादांनी बजावलं होतं, पहिले १५ दिवस रोज दहाच मिनिटं, मग पुसून सुटं करून ठेवायचं. त्यामुळे दहाच मिनिटं. आधी बुवांनी एक लांब सा धरला आणि आत्याने त्यावर तंबोरा लावला, तिला दहा-बारा मिनिटं लागली, हात थरथरतो आता. दादांनी मोबाइलवर बघितलं तर सा काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध होता. मग बुवांनी सा वरून रे, आणि ग वर थांबले. नुसते थांबले. तंबोऱ्यातून पण तोच स्वर येत होता, मला संगीतातलं काही कळत नाही पण दोन आवाज आहेत हे कळेनासं झालं. आत्या तंबोरा न थांबवता म्हणाली, "हां. आता नि घ्या." बुवांनी वर जाऊन नि घेतला. तिने मान हलवली.
संग्राहकाला नकार कळवला. वाद्य आत्याच्या नातवाकडे राहणार, तो १४ वर्षांचा आहे, बासरी शिकतो, बुवा त्याला महिन्यातून दोनदा शिकवणार आहेत. घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर लिहिलंय की हे विकायचं झालं तर ज्याला वाजवता येतं त्यालाच, आणि चुनाळू आणि तंबोऱ्यासकट.
एकच प्रश्न राहिला. पावसाळा दोन महिन्यांवर आलाय, सांगलीत दमट हवा, घराला ओल. सुटं ठेवायचं तर कशात ठेवू? आणि मेण उन्हाळ्यात विरघळेल का?

लाख_आणि_कॉर्क
लाकडी पेटीत, आत सुती कापड, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीला लागून नको. पावसाळ्यात दोरा फुगून सांधे घट्ट होतात, तेव्हा जोर न लावता एखादा वेढा सोडायचा, पावसाळा संपला की परत गुंडाळायचा. मेण घरात विरघळत नाही, गाडीत उन्हात ठेवलंत तर मात्र गेलं.

पाटीलबुवा_सनई
आणि गेलंच तर चुनाळूत अजून पुष्कळ आहे. पोराला पुढच्या वेळी मी नखाने बसवायला शिकवतो.